ड्रायव्हरसकट बोट

धान पिकलं की आमच्याकडे पंजाबातून हार्वेस्टर येतात. भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीच्या हायवेवर रात्री त्यांची रांग दिसते. मशीनसोबत सरदारजी ड्रायव्हर, एक-दोन पोरं आणि त्यांचं बिऱ्हाड. भाव एकरावर की तासावर, डिझेल धरून की सोडून, जेवण कोणाकडे, हे सगळं बांधीच्या, म्हणजे धानाच्या खाचराच्या, धुऱ्यावर उभ्या उभ्या ठरतं. एक गोष्ट मात्र न बोलता ठरलेली असते. बांधी ओली असली तर तो मशीन आत घालत नाही. पैसे तुम्ही मोजता, शेत तुमचं, तरीही. तो खाली उतरतो, टाचेने माती दाबून पाहतो आणि म्हणतो, ‘परसों.’

हे सांगायचं कारण असं की ग्रीसमध्ये आठवडाभर शिडाची बोट, कप्तान आणि स्वयंपाकिणीसकट, भाड्याने घेण्याचा सगळा कारभार मला शेवटी याच हिशोबाने समजला. आधीच कोणी असं सांगितलं असतं तर माझ्या चार महिन्यांच्या जागरणातली निम्मी वाचली असती.

माझी साकोली तालुक्यात छोटी राईस मिल आहे. समुद्राशी आमच्या घराचा संबंध शून्य. पाणी म्हणजे गावचा मालगुजारी तलाव आणि नाव म्हणजे ढिवरांचा डोंगा, ज्यात बसून आम्ही लहानपणी शिंगाडे तोडायला जायचो. मोठा भाऊ नागपूरला असतो. त्याच्या लग्नाला 2025 च्या जूनमध्ये पंचवीस वर्षं होत होती. त्याच्या पोराने कुठलासा व्हिडिओ दाखवला, पांढरी बोट, निळं पाणी, आणि भावाच्या डोक्यात ते बसलं. मला म्हणाला, ‘तू पाहून घे बे, हिशोब तुलेच जमते.’ आम्ही आठ जण होणार होतो: आई, मावशी, भाऊ-वहिनी, पुतण्या, मी, बायको आणि माझी अकरा वर्षांची पोरगी. आई एवढंच म्हणाली, ‘काहून गा, आपल्या तलावात का पानी नाही?’

पहिला भाव नागपूरच्या एका एजंटाने दिला, ‘सगळं धरून’. मी करारनामा मागितला तर आठ दिवस आज-उद्या केलं. आला तेव्हा बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की इंधन, किराणा, बंदरभाडं आणि बक्षिसी वेगळी. धानाच्या व्यवहारात ‘सगळं धरून’ म्हणणाऱ्याचा ओलावा मशीनवर मोजून घ्यायचा असतो. त्याला नमस्कार केला.

मग रात्री मिल बंद झाल्यावर वाचायला बसायचो. तेव्हा कळलं की बोट तीन तऱ्हांनी मिळते. एक, नुसती बोट. चालवायला तुमच्यातल्या कोणाकडे परवाना पाहिजे. आमच्याकडे ट्रॅक्टरचा होता. दोन, बोट आणि चालवणारा, रांधणं-धुणं तुमचं. तीन, चालवणारा, रांधणारा, सगळा ताफा. आम्हाला तिसरी हवी होती, कारण सुट्टीवर जाऊन वहिनीने आठ जणांचा स्वयंपाक हलत्या ओट्यावर करायचा असेल तर ती सुट्टी कोणाची? अथेन्सची एक दलाल बाई मेलवर भेटली. तिची दलाली बोटमालकाकडून येते, आपल्याकडून नाही, हे तिनेच आधी सांगितलं. अडत्यासारखंच. मला बरं वाटलं.

बोटीतही दोन जाती. एका सांगाड्याची बोट वाऱ्यात कलंडून चालते, म्हणजे ताटातली भाजी एका बाजूला जाते. दोन सांगाडे शेजारी जोडलेली, तिला कॅटामरान म्हणतात, ती फारशी कलत नाही, पसरून बसते. आईचं वय बहात्तर, म्हणून दुसरी. पाहुण्यांसाठी चार खोल्या. कप्तान आणि स्वयंपाकीण पुढच्या टोकाला बिळासारख्या कप्प्यांत झोपतात. ती जागा पाहून आई नंतर बराच वेळ हळहळत होती.

घरी सगळ्यांना सँटोरिनी पाहिजे होतं. पांढरी घरं, निळे घुमट, तोच फोटो. मी मेल लिहिली: अथेन्स, मायकोनोस, सँटोरिनी, परत अथेन्स, सात दिवस. बाईचं उत्तर शांत होतं. अथेन्सहून सँटोरिनी एका बाजूने 120 सागरी मैलांच्या वर. एक सागरी मैल म्हणजे 1.852 किलोमीटर, आणि बोट तासाला सहा-सात मैल जाते. एजियन समुद्रात उन्हाळ्यात उत्तरेचा वारा सुटतो, त्याला मेल्तेमी म्हणतात. खरा जोर जुलै-ऑगस्टमध्ये, पण जूनमध्येही उत्तरेचं काही खरं नसतं. जाताना तो पाठीवर असतो, येताना तोंडावर. ‘तुम्ही आठवडाभर बेटं बघणार नाही, प्रवास करणार,’ तिने लिहिलं. त्याऐवजी अथेन्सजवळच्या सॅरॉनिक आखातातली बेटं सुचवली: एजिना, पोरोस, हायड्रा, जमलं तर स्पेट्सेस. आडोशाची, जवळजवळची. घरी सांगितलं तर पुतण्याचं तोंड दोन दिवस उतरलेलं होतं.

आता पैशाचं, कारण सगळे तेच विचारतात. भाडं, त्यातला कर आणि दोघांचा पगार धरून, 11,200 युरो. निम्मे करारावर सही करताना, निम्मे निघायच्या सहा आठवडे आधी. त्याशिवाय एपीए. हा शब्द मला महिनाभर छळत होता. भाड्याचा पाव हिस्सा, आमच्या बाबतीत 2,800 युरो, आगाऊ कप्तानाच्या हाती द्यायचा. त्यातून तो किराणा, डिझेल, बंदरभाडं, पाणी भागवतो, पावत्या ठेवतो आणि उरलेलं शेवटी परत करतो. कमी पडलं तर मधेच मागतो. मोठ्या बोटींना हा हिस्सा तीस-पस्तीस टक्क्यांपर्यंत जातो. थोडक्यात, डिझेल आपलं, खोराकी आपली. सरदारजी आठवला तो इथे.

पैसे पाठवायला बँकेत गेलो. ए-2 नावाचा फॉर्म, करारनामा, पॅन. शाखेत परदेशी पैसे पाठवणारा मीच पहिला असावा, कारण मॅनेजर स्वतः शेजारी बसून फॉर्म वाचत होते. वर्षाला ठरावीक रकमेच्या वर पाठवलं तर बँक टीसीएस नावाचा कर कापते. ती सूट 1 एप्रिल 2025 पासून 7 लाखांची 10 लाख झाली. आमचा पहिला हप्ता जानेवारीत, दुसरा एप्रिलअखेर, दोन्ही आतच बसले. फटका वेगळीकडून बसला. जानेवारीत युरो नव्वदच्या आसपास होता, एप्रिलच्या शेवटी सत्त्याण्णवच्या. भाव पडेल म्हणून मी वाट पाहत राहिलो. गोदामात तांदूळ धरून ठेवणाऱ्या माणसाला ही खोड असतेच.

व्हिसासाठी मुंबई. विदर्भ एक्सप्रेसने भंडारा रोडहून बसलो. कागदात सगळ्यात गोंधळ राहण्याच्या पत्त्याचा. फॉर्मला हॉटेल पाहिजे, आमचं हॉटेल तर रोज वेगळ्या जागी. शेवटी बोटीचा करारनामा, बोटीची नोंदणी आणि आमच्या आठ जणांची प्रवासी यादी जोडली. ती यादी तशीही बोटीवर आधी पोचलेली लागते. वर 30,000 युरोचा प्रवासविमा. मोठ्यांना 90 युरो फी, पोरीला निम्मी. आईच्या वेळेला मशीन अडलं. चाळीस वर्षं रोवणीच्या चिखलात घातलेली बोटं, त्यांच्यावर रेषाच उरल्या नव्हत्या. आधारच्या वेळीही असंच झालं होतं. काचेवर ठेवायची, लाल दिवा. पुसायची, पुन्हा ठेवायची, पुन्हा लाल. चौथ्यांदा त्या मुलीने आईचे हात आपल्या हातात धरून चोळले, ओल्या कापडाने पुसले आणि एकेक बोट दाबून धरलं. आई मला म्हणाली, ‘बोटीत बसाले बोटंच नाही म्हन माही.’ खिडकीपलीकडची मुलगीही हसली; मराठी असावी.

या सगळ्या कागदांमध्ये मला सगळ्यात आवडलेला कागद म्हणजे आवडीनिवडीचा तक्ता. चार पानं. सकाळी काय खाता, दूध कुठलं, तिखट एक ते पाचमध्ये किती, कोणाला काय सोसत नाही, कोणाचा वाढदिवस, कोणाला पोहता येतं. आमच्याकडचे लोक असल्या कागदावर ‘सगळं चालते’ लिहून मोकळे होतात. तसं लिहिलं तर सात दिवस पास्ता. मी दोन रात्री बसून भरला. मावशी आणि आई शाकाहारी, अंडंही नाही. बाकीच्यांना मासे चालतात. तिखट: पाच. (‘सहा लिहा,’ बायको म्हणाली.) आणि एक ओळ खास: 10 जून, वटपौर्णिमा, चार बायका उपाशी, त्या दिवशी धान्य नाही. त्यावर स्वयंपाकिणीचा व्हिडिओ कॉल आला. चाळिशीची ग्रीक बाई, केस वर बांधलेले. उपवासात बटाटा चालतो, भाकरी चालत नाही, शेंगदाणा चालतो, वाटाणा चालत नाही, हे तिला वहिनी समजावत होती आणि ती लिहून घेत होती. शेवटी तिने विचारलं की हे सगळं नवऱ्यासाठी, मग नवरा काय खात नाही? वहिनीने भावाकडे पाहिलं. भाऊ उठून बाहेर गेला.

सामानाचे दोन नियम. कडक सूटकेस आणायची नाही, कारण ती ठेवायला बोटीत जागाच नसते. घडी होणारी बॅग. आणि युरोपात शिरताना दूध-मांसाचे पदार्थ चालत नाहीत. आईने तुपाचा डबा तीन वेळा बॅगेत घातला, मी तीन वेळा काढला. एचएमटी तांदूळ पाच किलो, तूरडाळ, साबुदाणा, भिवापूरची मिरचीपूड, पोळपाट-बेलन हे मात्र गेलं. एचएमटी आमच्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं, नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतात निवडून काढलेलं वाण. गिरणीवाला असून परदेशात दुसऱ्याचा तांदूळ खायचा म्हणजे अपमानच.

नागपूरहून दोहा, दोहाहून अथेन्स. शनिवार 7 जून, संध्याकाळी 5 ला अथेन्सजवळच्या अलिमोसच्या मरिनात, म्हणजे बोटींच्या बंदरात, बोटीवर चढलो. हा धंदा शनिवार ते शनिवार चालतो. पुढच्या शनिवारी सकाळी 9 ला उतरायचं, पण बोट शुक्रवारी रात्रीच परत आणून लावायची. म्हणजे सात दिवस म्हणता म्हणता सहाच हाती येतात. हे करारात होतं, मी वाचलंही होतं, तरी जाऊन कळलं.

फळीच्या तोंडाशी वेताची टोपली होती, चपला तिच्यात. आईने न सांगता काढल्या आणि आत जाताना उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला. कप्तान पन्नाशीचा, उन्हाने रापलेला, बोलायला कंजूष. त्याने सगळ्यांना बसवून तासभर समजावलं. जॅकेट कुठे, आग लागली तर काय, बोटीवर धावायचं नाही, एक हात नेहमी कशाला तरी धरून. संडासात, जे तुम्ही खाल्लेलं नाही ते टाकायचं नाही, कागदही नाही. आणि पाणी. टाकीत 700 लिटर, दहा माणसं, पुढचं बंदर येईपर्यंत तेवढंच. इथे त्याचा आवाज कडक झाला, पाहुणे आंघोळीला नळ सोडून ठेवतात म्हणाला. तो विदर्भातला मे महिना काढलेल्या बायकांशी बोलत होता. दोन दिवसांनी टाकीचा काटा पाहून त्याने मला विचारलं की तुमच्या बायका आंघोळ करतात ना?

पहिल्या दिवशी एजिना, पंधरा-सोळा सागरी मैल. बंदराबाहेर आल्यावर त्याने बोट वाऱ्याकडे तोंड करून उभी केली आणि पुतण्याच्या हातात दोर दिला. विंच नावाची लोखंडी भोवरी, तिला तीन वेढे, आणि शीड इंचाइंचाने वर. पोरगा घामाघूम. शीड पूर्ण चढलं, इंजिन बंद केलं, आणि मग जे होतं ते व्हिडिओत नव्हतं. आवाज थांबतो. नुसतं पाणी कापल्याची खसखस, सुपात धान पाखडतात तशी. दहा मिनिटांत माझी बायको ओकली, मग पुतण्या, मग मी. गोळ्या निघायच्या आधी घ्यायच्या असतात, पोटात ढवळल्यावर नाही. आई आणि मावशी मागच्या बाकावर बसून शेंगदाणे खात होत्या. कप्तानाने मला खाली खोलीत जाऊ दिलं नाही. समोर क्षितिजावर बघत बस म्हणाला, हातात आल्याचा तुकडा दिला. अर्ध्या तासाने जीवात जीव आला.

एजिनाजवळच्या मोनी नावाच्या इवल्या बेटाशी नांगर टाकला. पोरगी पोहत काठापर्यंत गेली आणि ओरडली, ‘बाबा, मोर!’ खरंच मोर होते, लोकांच्या पिशव्यांत चोची घालत फिरत होते. नागझिऱ्याच्या शेजारून येऊन समुद्रात मोर पाहिले. एजिना पिस्त्यांचं बेट. जूनमध्ये झाडांना हिरवे घोस लागलेले होते, तोडणी ऑगस्ट-सप्टेंबरात. तोडल्यावर वरची साल लगेच काढावी लागते, नाही तर कवचावर डाग पडतो, असं दुकानदार सांगत होता. मी सोलायच्या मशीनबद्दल इतके प्रश्न विचारले की भाऊ निघून गेला. आधुनिक ग्रीसची पहिली राजधानी 1828 मध्ये हेच गाव होतं, हे मला परत आल्यावर भावाकडून कळलं. तो तेवढ्या वेळात संग्रहालय पाहून आला होता.

पोरोस हे गाव आणि समोरचा मुख्य भूभाग, मधे पाण्याची पट्टी, एवढी अरुंद की इकडून हाक मारली तर तिकडे ऐकू जावी. तिथे मंगळवारी वटपौर्णिमा उजाडली. वड कुठून आणणार? वहिनीने आवडीनिवडीच्या तक्त्याची माझ्याकडची प्रत घेतली, मागच्या कोऱ्या बाजूला पेनाने वड काढला, पारंब्यांसकट, आणि तो मागच्या टेबलावर फळांच्या टोपलीला टेकून ठेवला. चौघींनी (माझी पोरगी हट्टाने चौथी, मावशीने या वर्षी व्रत सोडलेलं) सूत घेऊन टेबलाला फेरे घातले. टेबल जमिनीला पक्कं असतं, फिरायला तीनच बाजू. चौथ्या बाजूला बाक, त्यावर चढून उतरून सात फेरे. कप्तान सुकाणूपाशी कॉफी घेऊन उभा होता. त्याने निघायची वेळ झाली असताना एकदाही घड्याळ पाहिलं नाही. फेरे संपल्यावर फक्त सूत पाण्यात पडू देऊ नका म्हणाला, इंजिनच्या पंख्यात अडकतं. स्वयंपाकिणीची साबुदाण्याची खिचडी गिचका झाली होती. सगळ्यांनी संपवली.

त्या रात्री हायड्रा. या गावात मोटारी नाहीत, खेचरं आणि गाढवं सिमेंटच्या गोण्या वाहतात. बंदर म्हणजे वाटीएवढं. भूमध्याकडची बोट लावायची रीत वेगळी असते. लांबूनच नांगर टाकायचा, साखळी सोडत मागे मागे यायचं आणि शेपटीकडून धक्क्याला दोर बांधायचे. सगळ्या बोटी अशा ओळीने, आणि पाण्याखाली सगळ्यांच्या साखळ्या. रात्री धक्क्यावर बसून पौर्णिमेचा चंद्र पाहिला, उपवास सुटला नव्हता तरी बायका खूष होत्या. सकाळी नांगर वर घ्यायला लागलो तर साखळी करकरली आणि थांबली. वर आला तेव्हा आमच्या नांगराच्या दातात दुसऱ्याची साखळी, तिच्यावर तिसऱ्याची, चिखल गळतोय. दोन्ही बाजूंनी इटालियन का जर्मन लोक ओरडताहेत. धान खरेदी केंद्रावर ट्रॅक्टर असेच अडकतात, फरक एवढाच की इथे रस्ता खाली आहे आणि दिसत नाही. कप्तान एक शब्द न बोलता पुढच्या टोकाला पालथा पडला. हातभर दोर परक्या साखळीखालून ओवून त्याची दोन्ही टोकं आपल्या बोटीला बांधली, मग आमचा नांगर थोडा खाली सोडला. साखळीचा भार दोरावर आला, नांगर मोकळा झाला. तो बाजूला ओढून दोराचं एक टोक सोडलं, साखळी छपाक करून खाली. हेच पुन्हा दुसऱ्या साखळीसाठी. चाळीस मिनिटं. आई म्हणाली, ‘हा हुशार मानूस आहे,’ आणि तो निर्णय मग बदलला नाही.

त्याच सकाळी भांडण झालं. आमच्या कागदावर बुधवार म्हणजे स्पेट्सेस. बंदराबाहेर आल्यावर कप्तानाने बोट स्पेट्सेसऐवजी समोरच्या मुख्य भूभागावरच्या एर्मिओनीकडे वळवली. दुपारनंतर उत्तरेचा वारा, गुरुवारी आणखी. भावाने आकाशाकडे बोट दाखवलं. ढगाचा ठिपका नव्हता, वारा पंख्याएवढा. कप्तानाने टॅबलेटवर नकाशा दाखवला, त्यावर जांभळे बाण. म्हणाला, स्पेट्सेसला जाणं सोपं आहे, वारा पाठीशी. तिथे अडकलो तर शुक्रवारी रात्री अलिमोस गाठायला दिवसभर वारा तोंडावर घ्यावा लागेल, आणि तुमच्यातले तीन जण पहिल्याच दिवशी ओकले होते. भाऊ म्हणाला, ‘पैसे आम्ही दिले ना?’ हे त्याने मराठीत म्हटलं, पण सुराला भाषा लागत नाही. कप्तान म्हणाला, करार वाचा.

मी वाचलेला होता. कलम असं की मार्ग पाहुण्यांशी बोलून ठरवायचा, पण हवा आणि सुरक्षितता यात शेवटचा शब्द कप्तानाचा, आणि त्यापायी बेट सुटलं तर पैसे परत मागता येणार नाहीत. सही माझीच. जानेवारीत ते कलम वाचताना मला वाटलं होतं की हे छापायचं म्हणून छापतात, तुकडेबंदीच्या नियमासारखं. मी भावाला म्हटलं, ‘दादा, बांधी ओली आहे समज.’ तो चिडलाच. नागपुरात राहून त्याला बांधी आता तेवढी आठवत नाही.

एर्मिओनीला पोचून दोन तास झाले नाहीत तोच वारा आला. बंदराच्या आत, आडोशाला, तरीही दोर ताणून कुरकुरत होते आणि डोलकाठीवर शिट्टी वाजत होती. संध्याकाळी एक बोट बाहेरून आली, तिच्यावरची माणसं नखशिखांत भिजलेली, पुढचं शीड फाटून लोंबत होतं. गुरुवारीही तिथेच. गाव चांगलं आहे, डाळिंबाच्या बागा आहेत, मासळीचा धक्का आहे, पण दोन दिवस पुरण्याएवढं नाही. दुपारी पुतण्याच्या मोबाईलवर अहमदाबादच्या विमान अपघाताची बातमी आली. जेवणं अर्धी टाकून सगळे आपापल्या खोलीत गेले. दोन दिवसांनी आम्हालाही विमानातच बसायचं होतं. भावाने त्यानंतर स्पेट्सेसचं नाव काढलं नाही.

शुक्रवारी पहाटे 5 ला निघालो. वारा पडलेला, समुद्र सपाट, सगळा रस्ता इंजिनावर.

शनिवारी सकाळी कप्तानाने वही समोर ठेवली, पावत्या टाचलेल्या. किराणा 1,246 युरो. डिझेल 290 लिटर, 493. बंदर, पाणी, वीज 231. थंड-गरम पिणं 174. चादरी धुणं आणि किरकोळ 96. एकूण 2,240. लिफाफ्यात 560 परत, सुट्या नाण्यांसकट. मी पंचवीस वर्षं हमालांची, मापाऱ्यांची, ट्रकवाल्यांची खाती पाहतो. एवढी स्वच्छ वही पाहिली नाही, तरी सवयीने बेरीज पुन्हा केली. तो शेजारी उभा राहून पाहत होता आणि त्याला राग आला नाही.

बक्षिसीवरून आमच्यात आधी बरीच घासाघीस झाली होती. रीत भाड्याच्या पाच ते पंधरा टक्क्यांची, पाकीट कप्तानाच्या हाती द्यायचं, दोघांत तो वाटतो. भावाचं म्हणणं पाच, एक बेट कमी झालं. आईने ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘सरदारजीले ओल्या दिवसाचे पैसे कापतेस का?’ हजार युरो दिले. स्वयंपाकिणीला तिने वेगळं बोलावलं. खण नव्हता, नारळ नव्हता. मावशीने ओढणीचा पदर करायला लावला आणि आईने एजिनाचे पिस्ते आणि उरलेल्या एचएमटीतले पाच मुठी तांदूळ घालून तिची ओटी भरली. ती बाई पदर घट्ट धरून उभी, सांडेल म्हणून. हे परत द्यायचं असतं का, तिने मला विचारलं. मी म्हटलं, नाही, शिजवायचं असतं. दीड किलो तांदूळ आणि बेलन तिच्याकडेच राहिलं.

अथेन्सहून आमचं विमान तीन तास उशिरा निघालं. आदल्या दिवशी इराण-इस्रायलची लढाई सुरू झाली होती. दोह्यात रात्र खुर्चीत काढली. गावी पोचलो तेव्हा धानाचे पऱ्हे (रोपं) टाकायची घाई चालली होती.

जुलैत रोवणी सुरू असताना वहिनीच्या फोनवर स्वयंपाकिणीचा मेसेज आला. तांदळाला पाणी किती? तिच्या मापाने चिकट होतोय. वहिनीने मला पाठवला, मी आईला वाचून दाखवला. आई बांधीतून आली होती, पाय चिखलाचे, ओसरीत बसून होती. तिने तर्जनी वर केली आणि अंगठा पहिल्या पेरावर टेकवला. ‘तिले सांग, तांदळावर बोट ठेवाचं, आन पानी एवढं.’ मी त्याचा फोटो काढून पाठवला.